आंबट आहेत, कोल्हा म्हणाला

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये फिनिश भाषेच्या वर्गात आमच्या बाईंनी फळ्यावर एक अर्धी म्हण लिहिली. ‘आंबट आहेत, कोल्हा म्हणाला...’ आणि पुढे रिकामी जागा. कोणत्या फळाबद्दल म्हणाला, ते आम्ही सांगायचं.

वर्गात आम्ही बाराजण होतो. कुणी इराणचं, कुणी युक्रेनचं, कुणी व्हिएतनामचं. एरवी फिनिश व्याकरणापुढे सगळेच माना खाली घालून बसतो, पण त्या दिवशी निम्म्या वर्गाने एकदम हात वर केले. हे तर सोपं होतं. द्राक्षं! मी तर जरा जास्तच जोरात ओरडले. तासगाव तालुक्यातल्या पोरीला द्राक्षांबद्दल विचारताय?

बाईंनी हसून मान हलवली. चूक.

मग त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर पार्किंगच्या कडेला एक मध्यम उंचीचं झाड होतं. हिरवी पानं दिसू नयेत इतके लालभडक घोस त्याला लागले होते. ‘पिहलाया,’ बाई म्हणाल्या. ‘आमचा कोल्हा पिहलायाच्या फळांना आंबट म्हणतो.’

मी तोवर चार वर्षं या झाडाच्या आजूबाजूने राहत होते. त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

*

इंग्रजीत याला रोवन म्हणतात, शास्त्रीय नाव सॉर्बस ऑक्युपारिया. युरोपच्या थंड जंगलांतलं झाड. फिनलंडमध्ये ते जंगलातही आहे आणि गावातही. शाळेच्या आवारात, बसस्टॉपमागे, दवाखान्याच्या दारात. शोभेसाठी लावतात आणि न लावताही उगवतं. फिनिशमध्ये याच्या जातीचं पूर्ण नाव ‘कोतिपिहलाया’. ‘कोति’ म्हणजे घर. घरचं पिहलाया.

मी तांपेरे शहरात आले ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये, मास्टर्स करायला. त्याच महिन्यात तिथली ट्राम सुरू झाली होती. विद्यार्थ्यांच्या वस्तीत खोली मिळाली, तिच्या खिडकीसमोर हे झाड होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, अरे, कडुनिंब! खरंच तसंच दिसतं. एका देठाला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने पानं, टोकाला एक सुटं, आणि पानांच्या कडांना करवतीचे दाते. मी आईला फोटो पाठवला, ‘इथं पण लिंब आहे’. आईने लगेच उत्तर दिलं, ‘पाडव्याला सोय झाली.’ पाडवा आला तेव्हा झाडावर एक पान नव्हतं आणि बुंधा गुडघाभर बर्फात होता. आईची सोय काही झाली नाही.

कडुनिंबाशी त्याचं नातं नाहीच. ते आहे गुलाबाच्या कुळातलं, सफरचंदाचं धाकटं भावंड. फळ हातात घेऊन उलटं केलं की कळतं. मटाराएवढं लाल फळ, आणि देठाच्या विरुद्ध बाजूला सफरचंदाला असते तशी फुलाची वाळलेली खूण. त्या खुणेत पाच टोकांची चांदणी दिसते. ब्रिटनमधल्या जुन्या लोकांना ती चांदणी वाईट गोष्टींपासून राखणारी वाटायची. स्कॉटलंडमध्ये हे झाड दाराशी लावायचे, चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून, आणि ते तोडणं अशुभ मानायचे. ‘कालेवाला’ हे फिनलंडचं महाकाव्य एलियास ल्योनरोटने लोकगीतांमधून जुळवून १८३५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातही अंगणातल्या पिहलायाला पवित्र म्हटलं आहे. आपल्याकडे वडाला किंवा पिंपळाला सहसा कुऱ्हाड लावत नाहीत, तसंच हे.

जून महिन्यात त्याला पांढरट फुलांचे गुच्छ येतात. लांबून देखणे. जवळ गेलं की वास मात्र जरा विचित्र येतो, गोडसर आणि मासळीसारखा. ऑगस्टमध्ये फळं नारिंगी होतात, सप्टेंबरात लाल. मग पानं पिवळी, तांबडी होऊन गळतात आणि नुसती फळं उरतात.

*

इसापाच्या गोष्टीत द्राक्षंच होती. पण गोष्ट जशी उत्तरेला चालत गेली तशी वाटेत द्राक्षं संपली. जिथे द्राक्षांचे मळे नाहीत तिथल्या कोल्ह्याने उडी कशाला मारायची? म्हणून स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, तिन्हीकडच्या कोल्ह्यांना त्यांच्या ओळखीचं, उंचावर लटकणारं लाल फळ मिळालं.

आपल्याकडे द्राक्षं तशीच राहिली, पण कोल्हा बदलला. मराठीत ज्याला आपण कोल्हा म्हणतो तो इंग्रजी गोष्टीतला फॉक्स नव्हेच, तो जॅकल. फॉक्सला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, खोकड. पण शाळेच्या पुस्तकात खोकड कुणाला माहीत असतं? गोष्टीत कोल्हा आला आणि बसला.

हे सगळं मी त्या रात्री मोबाइलवर वाचत बसले होते. झोप तशीही येत नव्हती. कारण महिनाभरापूर्वी माझी नोकरी गेली होती.

मास्टर्स झाल्यावर मला इथेच सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती. ऑगस्टमध्ये एका सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल लागला, त्यात आमची अख्खी टीम होती, आणि पंधरा मिनिटांनंतर ती टीम नव्हती. कुणी वाईट वागलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त इथे कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याची नोकरी गेली की एक घड्याळ सुरू होतं. मला सहा महिन्यांची मुदत होती. त्यात दुसरी नोकरी, नाहीतर परतीचं तिकीट.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी फोन करायचे, ‘आज काम जास्त होतं’ म्हणायचे. मैत्रिणींना मात्र सांगितलं होतं, आणि सांगताना प्रत्येक वेळी एक शेपूट जोडायचे. ‘बरंच झालं, कंटाळाच आला होता.’ सप्टेंबरात एका कंपनीत तीन फेऱ्या पार करून चौथ्या फेरीत नकार आला, तेव्हाही म्हणाले, ‘ऑफिस फार लांब होतं, दीड तास जायला.’ हे मी इतक्या सहज म्हणायचे की मलाच पटायचं.

वर्गातल्या त्या म्हणीने माझी पंचाईत केली. बाईंनी सगळ्यांना एकेक वाक्य करायला सांगितलं होतं, आपण कधी असा कोल्हा झालो होतो त्याबद्दल. मी लिहिलं, ‘लहानपणी मला सायकल हवी होती.’ साफ खोटं होतं. सायकल मला मिळाली होती.

*

आमची दोन एकर बाग होती. तास-ए-गणेश. सांगलीकडे ‘बाग’ म्हटलं की द्राक्षबागच, वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या घरातलं कॅलेंडरही बागेचं. एप्रिलात खरडछाटणी. पावसाळा संपता संपता फळछाटणी, म्हणजे खरा जुगार सुरू. तिथून पुढचे चार महिने अण्णा आकाशाकडे बघून जेवायचे. ढग आले की डाऊनी, थंडीत भुरी, फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कूज, मणी भरल्यावर झाला तर मणी तडकणार. पहाटे चारला उठून फवारणी. निम्मं आयुष्य या माणसाचं बुरशीशी भांडण्यात गेलं.

लहानपणी माझं काम एकच, गोडी बघायची. अण्णांकडे गोडी मोजायचं मीटर होतं, पण त्यांचा विश्वास माझ्या जिभेवर. ते घडाच्या टोकाचा, अगदी खालचा मणी तोडून द्यायचे. मी वरचा मागायचे, तर म्हणायचे, ‘वरचा आधी गोड होतोय. शेपटाचा गोड लागला की घड झाला.’

मी फिनलंडला आले तेव्हा अर्धी फी स्कॉलरशिपने माफ झाली होती. उरलेली अर्धी आणि बँकेत दाखवायचे राहण्याखाण्याचे पैसे अण्णांनी घातले. इथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून फी भरावी लागते; त्याआधी नव्हती. मी चार वर्षं उशिरा जन्मले, असं मी गमतीत म्हणायचे. अण्णा हसायचे नाहीत.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, तिकडे अवकाळी पाऊस झाला. सांगली, नाशिक, सगळीकडच्या बागांना फटका बसला. आमच्या घडांची कूज झाली. मी बर्फाचे फोटो पाठवत होते आणि ते बघत होते. दुसऱ्या वर्षाची फी ठरल्या तारखेला आली. कुठून आली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘हायत की’ एवढंच उत्तर आलं असतं.

पुढचं मला आईच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. बाग जुनी झाली होती. पंधरा वर्षं झाली की वेलीचा दम कमी होतो. जुनी काढून नवी लावायला हवी होती, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. होते.

*

ऑक्टोबर लागला. मी ज्या इमारतीत राहते तिथे खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या. लिफ्टमध्ये भेटल्या की मी माझं मोडकंतोडकं फिनिश त्यांच्यावर चालवते, आणि त्या हळूहळू, एकेक शब्द सुटा करून उत्तर देतात. त्या दिवशी मी झाडाकडे बोट करून म्हटलं, ‘किती फळं!’

त्या म्हणाल्या, ‘यंदा बर्फ कमी पडेल.’

का, तर पिहलाया दोन ओझी वाहत नाही. ही इथली जुनी म्हण आहे. ज्या शरदात फांद्या फळांनी वाकतात, त्या हिवाळ्यात त्याच फांद्यांवर बर्फाचंही ओझं पडत नाही, असं जुने लोक मानत. झाड एका वेळी एकच काहीतरी पेलणार, फळं नाहीतर बर्फ.

हवामानाशी याचा काही संबंध नाही. पिहलायाच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात. म्हणजे फळं सांगतात ती गेल्या वर्षाची गोष्ट, येणाऱ्या हिवाळ्याची नव्हे. हे मी आजींना सांगितलं नाही. एक तर तेवढं फिनिश येत नाही. आणि दुसरं म्हणजे, लिफ्टमधून वर येईपर्यंत माझ्या डोक्यात झाड नव्हतंच. डोक्यात अण्णा होते. त्या डिसेंबरात त्यांनी कुजलेले घड आणि माझी फी, दोन्ही वाहिलं होतं.

आजींनीच मला सांगितलं की ही फळं खातात. कच्ची नाही, जेली करून. इथे जंगलातली फळं कुणीही तोडू शकतं, तो हक्कच मानला जातो. फांद्या मोडायच्या नाहीत आणि कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. ‘पहिला दव गोठू दे, मग तोड,’ आजी म्हणाल्या. थंडीने ती जरा निवळतात, कडवटपणा कमी होतो. ‘घाई असेल तर फ्रीजरमध्ये ठेव. त्याला काय कळतंय.’

मी वस्तीमागच्या जंगलात जाऊन पिशवीभर फळं आणली. आणि अर्थात आधी एक तोंडात टाकलं. द्राक्षाच्या घरातली जीभ, तिला राहवलं नाही.

कोल्हा खोटं बोलत नव्हता. आधी आंबट, मग तुरट, आणि मग एक कडू चव जी जिभेच्या मागे जाऊन बसली ती अर्धा तास उठली नाही. कच्चं करवंद, हिरवा आवळा आणि कडुनिंबाची काडी एकत्र चावल्यासारखं. या फळात पॅरासॉर्बिक ॲसिड असतं, कच्ची जास्त खाल्ली तर पोट बिघडतं. उकळलं की त्याचंच सॉर्बिक ॲसिड होतं, आणि ते पोटाला त्रास देत नाही. १८५९ मध्ये ऑगस्ट हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच झाडाच्या फळांच्या तेलातून ते वेगळं काढलं. झाडाच्या सॉर्बस या नावावरून त्याला नाव मिळालं. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की हे ॲसिड बुरशी वाढू देत नाही. आज जॅमच्या, सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘आयएनएस २०२’ लिहिलेलं असतं ना, ते त्याचंच क्षार, पोटॅशियम सॉर्बेट. आता ते कारखान्यात बनवतात, झाडाची गरज उरली नाही. पण बुरशीला अडवणारी वस्तू पहिल्यांदा मिळाली ती या आंबट फळात. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, अण्णांना सांगायला हवं.

मधुमेहींच्या मिठाईत आणि शुगरफ्री च्युइंगगममध्ये जे सॉर्बिटॉल असतं, तेही सगळ्यात आधी याच फळांत सापडलं होतं, १८७२ मध्ये. एवढं आंबट फळ आणि त्यातून साखरेचा पर्याय. इथल्या फाझर कंपनीची ‘पिहलाया’ नावाची एक लाल जेलीची गोळी तर १८९५ पासून दुकानात मिळते.

*

जेली करायची ती मी आईच्या मोरावळ्याच्या हिशेबाने केली. फळं धुऊन, देठ काढून, दोन आंबट सफरचंदं चिरून एकत्र शिजवली. सफरचंदाने ती घट्ट होते. मग स्वच्छ पंचात बांधून रात्रभर टांगून ठेवली, चक्का टांगतात तशी. सकाळी पातेल्यात माणकासारखा रस. त्यात साखर, आणि शेवटी भारतीय दुकानातून आणलेल्या गुळाचा एक खडा. ही भर आजींना मान्य नव्हती.

रस उकळत असताना मी नेहमीप्रमाणे घरी व्हिडिओ कॉल लावला. पातेलं दाखवायचं होतं. आईने उचलला आणि नेहमीसारखा मोबाइल भलतीकडे धरला. आईच्या फोनवर मला आई कधीच दिसत नाही; छत दिसतं, पंखा दिसतो, कोपर दिसतं. त्या दिवशी ती अंगणात होती. तिच्या खांद्यामागे बागेचा मांडव दिसला, तारांवर हिरवा वेल.

आणि वेलावर पिवळी फुलं.

द्राक्षाला पिवळी फुलं येत नाहीत.

‘आई, फोन जरा मागं धर.’

‘का गं?’

‘धर की.’

तिने धरला नाही. तिने फोन अण्णांना दिला.

मग मला आठवलं, गेला महिनाभर मी विचारत होते, ‘छाटणी झाली का?’ आणि अण्णा म्हणत होते, ‘हुईल की.’ छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे फोनवर बोलायला कुणी मोकळं नसतं, मागे कात्र्यांचे आणि मजुरांचे आवाज असतात. यंदा अण्णा रोज फोनवर निवांत बोलत होते. मला त्याचा आनंदच वाटत होता.

‘अण्णा, बाग कधी काढली?’

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘मार्चातच. माल गेला आन् काढली. औषधाचा खर्च निघंना. बाग म्हातारी झालती. बरं झालं, कटकट गेली. तसं पण त्या द्राक्षात आता काय राम ऱ्हायला न्हवता.’

तो सूर मी ओळखला. ‘ऑफिस फार लांब होतं’ मी ज्या सुरात म्हणते, अगदी तोच. हा मी त्यांच्याकडून उचलला होता की दोघांना कुठून तरी एकदमच आला होता, कुणास ठाऊक.

इकडे रस उतू चालला होता. मी गॅस, म्हणजे इथली विजेची शेगडी, बंद केली. आणि म्हणाले, ‘अण्णा, माझी नोकरी गेली. ऑगस्टमध्येच.’

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा आईला हाक मारतील. ते म्हणाले, ‘आणि रोज काम जास्त हाय म्हणत हुतीस?’

‘तुम्ही पण छाटणी हुईल म्हणत होता.’

मग आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला रडू आलं, आणि ते ‘आगं, आगं’ करत राहिले. फी, जुनी बाग, नवी लावायचे पैसे, हे सगळं मी पहिल्यांदा तोंडाने बोलले. माझ्या शिक्षणापायी बाग गेली, असं सरळ म्हणून टाकलं. त्यांनी ते सरळ नाकारलं नाही, हे मला नंतर फार बरं वाटलं. ते म्हणाले, ‘दोन्ही झालं नसतंच पोरी. एकच हुणार हुतं. मला कुठलं पाहिजे ते मी धरलं. त्यात तुझा काय संबंध?’

पिहलायाची म्हण मी त्यांना तोवर सांगितलेली नव्हती.

*

डोळे पुसून झाल्यावर विषय बदलावा म्हणून मी कोल्ह्याची गोष्ट सांगितली. इथल्या कोल्ह्याची. ते ऐकून त्यांनी जे सांगितलं ते इसापालाही सुचलं नसतं.

‘कोल्हा खालनं उडी मारतोय न्हवं?’

‘हो.’

‘मग त्याच्या तोंडाला काय लागणार? घडाचं शेपूट. ते तर सगळ्यात शेवटी गोड हुतंय. त्याला एखादा मणी लागला आसंल, आंबट लागला आसंल, म्हणून म्हणाला आंबट हाय. खोटं कशाला बोलंल ते जनावर? पंधरा दिवसांनी आला आसता तर गोड लागलं आसतं.’

आयुष्यभर मी ही गोष्ट ढोंगी कोल्ह्याची म्हणून ऐकली होती. अण्णांच्या मते तो फक्त चुकीच्या वेळी आला होता.

‘आणि मांडवावर काय लावलंय?’

‘काकडी,’ ते म्हणाले. ‘मांडव हुताच, तारा हुत्या. कशाला वाया घालवायचं? दीड-दोन म्हैन्यात पैसा.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तू ती एक म्हण सांगितलीस. दुसरी म्हाईत हाय का? कोल्हा काकडीला राजी.’

ही म्हण मला माहीत होती. थोडक्यात खूश होणाऱ्याला चिडवायला वापरतात. पण ते चिडवत नव्हते आणि त्या वेळी हसतही नव्हते. फोन वळवून त्यांनी मला मांडव दाखवला. अख्खा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या तारांवर मी हात उंचावून शेपटाचे मणी शोधायचे, तिथे आता काकड्या लोंबत होत्या.

‘गोडी बघायला आता तू लागत न्हाईस,’ अण्णा म्हणाले.

*

नोव्हेंबरात आमच्या झाडावर पाहुणे आले. त्यांना इथे तिल्ही म्हणतात. बुलबुलाएवढा पक्षी, डोक्यावर तुरा, शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी, आणि पंखांवर लाखेचे थेंब सुकवल्यासारखे लाल ठिपके. उत्तरेच्या जंगलातून थव्याने खाली येतात आणि पिहलाया शोधत फिरतात. एके सकाळी बारीक घुंगरांसारखा आवाज आला म्हणून पडदा सारला, तर फांदीफांदीवर तेच. दोन दिवसांत झाड साफ. आंबलेली फळं खाऊन कधी कधी या पक्ष्यांना चढते म्हणतात. आमच्यातल्या कुणाला चढलेली दिसली नाही, सगळे शिस्तीत जेवून गेले.

त्यांच्या पोटातून बिया कुठल्या कुठे जातात. कधी एखाद्या मोठ्या झाडाच्या बेचक्यात पडतात आणि तिथेच, जमिनीला न टेकता, पिहलाया उगवतो. वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो ना, तसा. स्कँडिनेव्हियात अशा झाडाला उडता रोवन म्हणत, आणि त्याच्या लाकडात जमिनीवरच्या झाडापेक्षा जास्त ताकद असते असं मानत. मला हे ऐकून आधी फुशारकी वाटली, आम्ही बाहेरदेशी राहणारे म्हणजे उडते रोवन वगैरे. मग वाटलं, बेचक्यातल्या झाडाला माती कमी मिळते, पाणी कमी मिळतं, ते कधी मोठं होत नाही. त्याची ताकद लोकांनी मानली, त्याला कुणी विचारलं नाही.

मला जानेवारीच्या शेवटी नोकरी लागली. मुदत संपायला अठरा दिवस होते. पगार आधीपेक्षा कमी आहे, कंपनी लहान आहे. मैत्रिणींनी विचारलं, कशी आहे? मी म्हणाले, ‘आधीची जास्त चांगली होती. ती गेली त्याचं वाईट वाटतं. पण हीही ठीक आहे.’ एवढं वाक्य बोलायला मला पाच महिने लागले.

जेलीच्या चार बाटल्या झाल्या होत्या. एक आजींना दिली. त्यांनी गुळाबद्दल नाक मुरडलं, पण आठवड्याने रिकामी बाटली धुऊन परत आणून दिली, आणि आत त्यांच्या घरचे वाळवलेले मशरूम. एक बाटली मार्चमध्ये सामानातून घरी नेली. अण्णांनी भाकरीबरोबर खाल्ली. ‘आंबट हाय,’ म्हणाले, आणि आणखी एक चमचा घेतला.

यंदा आमच्या झाडाला फळंच नाहीत. दोनचार तुरळक घोस, तेही शेंड्याला. पिहलायाचं असंच असतं. एका वर्षी भरभरून देतो, आणि मग पुढे एखादं वर्ष जवळजवळ रिकामा राहतो. एकटं झाड नव्हे, मोठ्या टापूतली सगळी झाडं एकदम. त्याच्या फळांत अंडी घालणारा एक बारीक पतंग आहे. अशा वर्षी त्या बिचाऱ्याला पिहलाया मिळत नाही, मग तो सफरचंदांच्या बागांवर उतरतो आणि तिकडचे शेतकरी हैराण होतात. म्हणजे इथेही कुणीतरी आकाशाकडे नाही, तर पिहलायाकडे बघून जेवत असणार.

परवा अण्णांनी फोनवर विचारलं, ‘तुझ्या झाडाला यंदा किती लागलंय?’

‘काहीच नाही. गेल्या वर्षी फार लागलं होतं ना, म्हणून.’

‘त्याची छाटणी कोण करतंय?’

‘कुणीच नाही, अण्णा. सरकारी झाड आहे.’

‘मग बरोबर हाय,’ ते म्हणाले. ‘बसू दे त्याला एक वरीस.’